देवाच्या आळंदीचा धनी कोण?

पुणे जिल्ह्यात आळंदी ह्या नावाची गावे दोन आहेत. एक इंद्रायणीच्या तीरी, खेड तालुक्यात; दुसरे हवेली तालुक्यात, पुण्याच्या पूर्वेच्या बाजूस. नावांचा घोटाळा होऊ नये म्हणून जुन्या लोकांनी पहिलीस ‘देवाची आळंदी’ आणि दुसरीस ‘चोराची आळंदी’ म्हणावयास प्रारंभ केला. पुढे दुसरीच्या रहिवाशांस हे विशेषण साहजिकच रुचले नाही, आणि आज ते गाव ‘म्हातोबाची आळंदी’ म्हणून ओळखले जाते. म्हणजे तेथेही चोराकडून मालकी काढून देवाकडेच देण्यात आली. षष्ठीचा हा एवढासा प्रत्यय बोलताना आपल्या ध्यानात येत नाही. परंतु इंद्रायणीकाठच्या आळंदीपुरता तो नुसता भक्तीचा उद्गार नव्हे. सरकारी दप्तर, इनामाची सनद आणि न्यायालयाचा निकाल ह्या तिन्ही ठिकाणी त्याला अर्थ आहे. तो अर्थ काय, व तो कसा प्राप्त झाला, हे वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

मोठ्या घराण्यांच्या दौलतींचे इतिहास वाचावयास मनोरंजक असतात. हल्लीच्या तरुण मंडळींच्या हाती कल्पित राज्यांच्या जाडजूड कादंबऱ्या दिसतात. त्यांच्या शेवटी वंशवृक्ष छापलेले असतात, आणि अमुक गढी कोणी बांधली, कोणत्या लढाईत गमावली, कोणत्या कन्येच्या आंदणात गेली, ह्याची टिपणे असतात. हा सारा खटाटोप लेखकाच्या कल्पनेचा. आमच्या शेजारचे एक खरे गाव मात्र असे आहे की, त्याच्या मालकीची कथा कोणाही कल्पकाने रचली असती तर वाचकांनी ती अविश्वसनीय म्हणून बाजूस ठेविली असती. कारण ह्या दौलतीचा धनी निर्वंश होता, निष्कांचन होता, जातिबहिष्कृत होता. आणि गाव त्याच्या नावे झाला तेव्हा त्याला समाधिस्थ होऊन शतके लोटली होती.

कथेचा आरंभ एका कुलकर्ण्यापासून होतो. तेराव्या शतकात आळंदीचे कुलकर्णपण सिद्धोपंत नावाच्या गृहस्थाकडे होते, असे परंपरा सांगते. कुलकर्णी म्हणजे गावाचा लेखक. कोणाची जमीन किती, कोणी किती सारा भरला, कोणाकडे बाकी आहे, हे सर्व त्याच्या दप्तरात. ह्या सिद्धोपंतांची कन्या रुक्मिणी. पैठणजवळील आपेगावचे विठ्ठलपंत तीर्थाटन करीत आळंदीस आले, तेव्हा त्यांची विद्वत्ता व वैराग्य पाहून सिद्धोपंतांनी त्यांस कन्या दिली. विठ्ठलपंतांचे घराणेही आपेगावच्या कुलकर्ण्यांचेच. दोन्हीकडे वतन, दोन्हीकडे दप्तर, दोन्हीकडे गावात मान. ऐहिक दृष्टीने असा संबंध कोणाही बापास पसंत पडावा असाच होता.

पुढील हकीगत महाराष्ट्रातील प्रत्येक घरात माहीत आहे. विठ्ठलपंतांनी काशीस जाऊन संन्यास घेतला. पूर्वाश्रमी पत्नी आहे असे कळताच गुरूंनी त्यांस परत गृहस्थाश्रमात पाठविले. आणि त्यानंतर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ता ही चार अपत्ये झाली. संन्याशाची मुले म्हणून समाजाने त्यांस वाळीत टाकिले. ह्या बहिष्काराचे धार्मिक स्वरूप सर्वांस ठाऊक आहे. त्याची दुसरी, व्यावहारिक बाजू मात्र क्वचितच बोलली जाते. धर्मशास्त्राप्रमाणे संन्यास घेणारा मनुष्य व्यवहारास मेला. पित्याच्या मिळकतीतील त्याचा वाटा संपला. त्याच्यापाशी जे काही असेल ते पुत्रास न जाता सच्छिष्यास जावयाचे. इंग्रजी न्यायालयांनीही पुढे हाच नियम उचलला आणि त्यास ‘दिवाणी मृत्यू’ असे नाव दिले. अर्थात ह्या चार भावंडांस आपेगावचे वतन नव्हते आणि आजोळच्या गावी राहण्यापुरती जागाही सन्मानाने मिळाली नाही. गावाबाहेर सिद्धबेटावर त्यांचे वास्तव्य होते, असे सांगतात. ज्या गावच्या जमिनीची नोंद आजोबांच्या लेखणीने होत असे, त्या गावात नातवाच्या नावे एक ओळही नव्हती.

शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. त्याच वर्षाच्या आरंभी अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर चाल करून रामदेवराव यादवाकडून अपार द्रव्य नेले होते. महाराष्ट्रातील सर्वांत बलाढ्य दौलतीचा ऱ्हास आणि एका निष्कांचन तरुणाची समाधी ह्या दोन्ही गोष्टी एका वर्षात घडल्या. त्या काळी एखाद्या व्यवहारचतुर मनुष्यास विचारले असते की, सातशे वर्षांनंतर ह्या दोहोंपैकी कोणाच्या नावे गाव राहील, तर त्याने काय उत्तर दिले असते, हे सांगावयास नको.

यादव गेले ते वीस-बावीस वर्षांत समूळ गेले. त्यानंतर दिल्लीची सत्ता आली. १३४७ त बहामनी राज्य झाले. ते फुटल्यावर हा प्रांत अहमदनगरच्या निजामशाहीत पडला. निजामशाहीत मालोजीराजे भोसले यांस पुणे व सुपे ह्या परगण्यांची जहागीर आणि शिवनेरी व चाकण हे किल्ले मिळाले. ह्यांपैकी चाकण आळंदीपासून हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. १६३६ त निजामशाही बुडाली आणि हा मुलूख विजापूरकरांच्या नावाखाली, परंतु शहाजीराजांच्या जहागिरीत राहिला. पुढे शिवछत्रपतींचे स्वराज्य झाले. १६६० त शाएस्तेखानाने चाकणच्या किल्ल्यास वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्याने तो दोन महिने झुंजविला. मोगल आले, गेले, पुन्हा आले. छत्रपती, पेशवे आणि अखेर १८१८ त इंग्रज. पाचशे वर्षांत आळंदीवरील सत्तेचे इतके हात पालटले. परंतु ह्यांपैकी गावाचा ‘मालक’ कोण होता, असा प्रश्न विचारल्यास त्याचे सरळ उत्तर देता येत नाही, आणि ह्याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे.

आपल्याकडील जुन्या व्यवस्थेत जमिनीची मालकी एका हाती नसे. ती थराथरांची असे. शेत कसणारा मिरासदार आपली मिरास विकू शके, गहाण ठेवू शके, मुलाबाळांस देऊ शके. त्याच गावात उपरी असे. त्याला कसण्याचा हक्क, परंतु मिराशीचा मान नाही. पाटील आणि कुलकर्णी ह्यांची वतने निराळी. बारा बलुतेदारांचा पिकातील वाटा निराळा. परगण्याचे देशमुख व देशपांडे आपला हक्क घेत. ह्या सर्वांच्या वर राजा. त्याचा म्हणून जो उत्पन्नाचा भाग, तो महसूल. राजा जेव्हा एखादे गाव इनाम देई, तेव्हा बहुधा तो आपल्या पदरचा हा वरचा थरच काढून देत असे. खालचे थर जागच्या जागी राहत. सनदांतून एक ठरलेली भाषा आढळते: गाव ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ सहित दिला, परंतु ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’. म्हणजे नव्या धन्याने जुन्या हक्कदारांस हात लावावयाचा नाही. ह्या चार शब्दांत आपल्या पूर्वजांचे केवढे राज्यशास्त्र साठविले आहे! एकास देताना दुसऱ्याचे काढावयाचे नाही, हा त्याचा मथितार्थ.

मराठेशाहीत आळंदी गाव असेच ज्ञानेश्वर महाराजांच्या संस्थानास इनाम झाले, आणि पेशवाईत त्याच्या पूजाअर्चेची व खर्चाची व्यवस्था लावून देण्यात आली. तत्पूर्वीच एकनाथमहाराजांनी समाधिस्थानाचा जीर्णोद्धार केला होता. समाधीवरील देवालयाच्या बांधकामाशी परंपरा आंबेकर देशपांड्यांचे नाव जोडते, आणि मंडपाशी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांचे. कोणी दगड दिले, कोणी लाकूड दिले, कोणी सोने दिले. परंतु ह्यांपैकी कोणासही देवालयावर आपली मालकी सांगता आली नाही. दिलेली वस्तू दात्याची राहत नाही, हा नियम येथे पुरा पाळला गेला. आणि येथेच सिद्धोपंतांच्या नातवाची कथा पूर्ण वर्तुळ फिरून आली. ज्याला गावात जागा नव्हती त्याच्या नावे सर्व गावचा राजभाग झाला. आणि आजोबांच्या मागून दप्तर चालविणारे कुलकर्णी त्याचा हिशेब लिहू लागले.

आता ह्या धनीपणाचे एक अपूर्व वैशिष्ट्य पाहा. इतर इनामे ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ दिलेली असत. त्यांचे भवितव्य वंशावर अवलंबून; वंश खुंटला की दौलत धोक्यात. आळंदीपासून काही कोसांवरच असलेल्या चिंचवडचे उदाहरण घ्या. तेथे मोरया गोसाव्यांच्या वंशातील पुरुषांस ‘देव’ म्हणत आणि त्यांच्या ठायी गणपतीचा अंश मानीत; मोठमोठी इनामे त्या घराण्याकडे होती. सातवे देव धरणीधर महाराज १८१० त निवर्तले आणि सरळ वंश संपला; मग इनामे टिकावीत म्हणून लांबच्या नात्यातील पुरुष गादीवर बसविण्यात आला. राजांच्या नशिबी तर ह्याहून वाईट आले. औरस पुत्र नाही, दत्तक आम्हांस मान्य नाही, असे म्हणून इंग्रजांनी १८४८ त सातारा घेतले, आणि १८५४ त नागपूर व झांशी. भोसल्यांचे सिंहासन दत्तकाच्या एका कागदावर अडले. आळंदीच्या धन्यास असला कागद कधीच लागला नाही. संजीवन समाधीचा भाविक अर्थ असा की, माउली तेथे अद्याप विराजमान आहेत. कायद्याच्या दृष्टीनेही परिणाम तोच झाला. जो धनी मरत नाही त्याला वारस नको, दत्तक नको, नजराणा नको, आणि त्याच्या दौलतीची वाटणीही नको.

परंतु जो धनी बोलत नाही, सही करीत नाही, कचेरीत हजर राहत नाही, त्याच्या वतीने व्यवहार कोणीतरी करावाच लागतो. आणि कलहाचे बीज नेमके येथे असते. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबाने १८१८ च्या जाहीरनाम्यात वतने, इनामे व देवस्थाने चालविण्याचे आश्वासन दिले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले आणि गावोगावच्या सनदा तपासल्या गेल्या. कित्येक घराण्यांनी जुन्या पेट्या उघडून कागद शोधले, आणि ज्यांस ते सापडले नाहीत त्यांची इनामे खालसा झाली. देवस्थानांची इनामे सामान्यतः वाचली. आळंदीच्या संस्थानावर एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने पंच नेमले, आणि पुढे विश्वस्तांची नेमणूक जिल्हा न्यायाधीशांच्या हाती आली. ती पद्धत आजही चालू आहे. पुण्याच्या न्यायासनावर बसलेला पुरुष कोणत्याही धर्माचा वा प्रांताचा असो, माउलींच्या दौलतीचा कारभार कोणी पाहावा हे तो ठरवितो.

पंच आले आणि त्यांच्या मागोमाग वाद आला. समाधीची पूजा पूर्वापार गुरव मंडळी करीत असत. पंचांचे म्हणणे असे की, हे पुजारी संस्थानचे सेवक. गुरवांचे म्हणणे असे की, आम्ही वंशपरंपरेचे हक्कदार, आम्हांस काढण्याचा अधिकार कोणासही नाही. पंचांनी त्यांस सेवेतून दूर केले; दावे झाले, अपिले झाली; एक पिढी संपली, दुसरी आली. अखेर हा तंटा दिल्लीस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २६ मार्च १९५९ रोजी त्याचा निकाल लागला. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी, जे पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. मुद्दा असा होता: गुरवांनी दावा आणला तो मुदतीत आहे काय? गुरवांचे वकील म्हणत की, आम्हांस रोज पूजेपासून अडविले जाते, तेव्हा अन्याय रोज नव्याने होतो आणि मुदतही रोज नव्याने सुरू होते. न्यायालयाने हे मान्य केले नाही. ज्या दिवशी पंचांनी हक्क नाकारून पुजाऱ्यांस दूर केले त्याच दिवशी कृत्य पुरे झाले; त्याची वेदना पुढे चालू राहिली, परंतु वेदना चालू आहे म्हणून कृत्य चालू आहे असे होत नाही. सबब मुदत टळली आणि हक्कही लोपला.

हा निकाल आजही कायद्याच्या अभ्यासकांस शिकविला जातो, कारण ‘चालू राहणारा अन्याय’ कशास म्हणावे ह्याची व्याख्या त्यात स्पष्ट केली आहे. आमच्या मते त्याकडे दुसऱ्याही दृष्टीने पाहिले पाहिजे. गुरवांचा हक्क अखेर बुडाला तो काळ लोटल्यामुळे. पिढ्यान्‌पिढ्या समाधीस स्नान घालणारे हात एके दिवशी दाराबाहेर राहिले, आणि न्यायालयाचे दार त्यांनी योग्य वेळी ठोठावले नाही म्हणून ते बाहेरच राहिले. पंचांनीही व्यवस्थेच्या हिताचा विचार केला असेल. तथापि ‘खेरीज हक्कदार करून’ हे सनदांतील शब्द ज्यास आठवतात, त्यास धन्याच्या नावाने सेवकाशी चाललेला हा तंटा वाचताना अस्वस्थ वाटल्यावाचून राहत नाही. माउलींनी स्वतः बहिष्काराचा अनुभव घेतला होता. त्यांच्या दारात कोणास आत घ्यावे व कोणास बाहेर ठेवावे ह्यावर अर्धशतक खटले चालावेत, हा दैवदुर्विलास होय.

मालकीचा दुसरा एक प्रकार आळंदीत आहे, आणि तो पाहून मनास बरे वाटते. आषाढीच्या वारीत पादुका पालखीतून नेण्याची प्रथा तुकोबारायांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास सुरू केली. त्या वेळी ज्ञानोबा व तुकोबा यांच्या पादुका एकत्र जात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींची पालखी स्वतंत्र काढली. हैबतबाबा सातारा प्रांतातील आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी शिलेदारी केलेले. त्यांनी आळंदीत येऊन उरलेले आयुष्य समाधीच्या सेवेत घालविले. ह्या सोहळ्याचे ‘मालक’ म्हणून आजही त्यांच्या घराण्याचा उल्लेख होतो. मालक म्हणजे काय, तर पालखीपुढे व मागे कोणी चालावे, कोठे थांबावे, कोणत्या वेळी काय म्हणावे, ही शिस्त सांभाळणारा. आणि पहिल्या मालकाने आपल्यासाठी जागा कोणती मागून घेतली? देवालयाच्या महाद्वारातील पायरी. लाखो वारकरी तिला वंदन करून आत जातात, आणि कार्तिकी यात्रेचा प्रारंभ हैबतबाबांच्या ह्या पायरीच्या पूजनाने होतो.

हैबतबाबांस साहाय्य केले ते अंकलीच्या शितोळे सरदारांनी. शितोळे हे पुण्याचे देशमुख; महादजी शिंद्यांची कन्या बाळाबाई ही लाडोजी शितोळ्यांस दिलेली, म्हणून ग्वाल्हेर दरबाराशीही त्यांचा निकटचा संबंध. अंकली हे गाव हल्लीच्या कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी तालुक्यात आहे. १९५६ त राज्यांच्या सीमा बदलल्या, जहागिऱ्या गेल्या. परंतु प्रतिवर्षी अंकलीहून दोन घोडे निघतात ते पायी आळंदीस येतात. एका घोड्यावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण तो माउलींचा. रिंगणात हा मोकळा घोडा धावतो तेव्हा त्याच्या टापांखालची माती कपाळास लावण्यास लोक झुंबड करतात. वाटेने मुक्कामास पादुका शितोळ्यांच्या तंबूत विसावतात. सरदारकीचे बाकीचे सारे वैभव इतिहासजमा झाले; जे दुसऱ्याकरिता खर्च होत होते तेवढेच उरले. प्रस्थानानंतर पालखीचा पहिला मुक्काम आळंदीतच होतो, आणि त्या जागेस ‘आजोळघर’ म्हणतात. सिद्धोपंतांचा नातू वर्षातून एकदा आजोळी राहावयास जातो, ही कल्पना ज्या लोकांच्या मनातून निघाली त्यांच्या हृदयाची कोवळीक काय वर्णावी!

स्वातंत्र्यानंतर मालकीचे जुने थर एकामागून एक निघाले. परगणे व कुलकर्णी वतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा १ मे १९५१ पासून अमलात आला. १९५२ च्या कायद्याने वैयक्तिक इनामे गेली. १ एप्रिल १९५७ ह्या कूळदिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी ह्या तारखांच्या आठवणी आजोबा-पणजोबांच्या तोंडून आल्या असतील. कोणाच्या घरची कोकणातील आगरे गेली, कोणाची देशावरील जिराईत गेली. त्यात दुःख नव्हते असे नाही. परंतु ज्याने घाम गाळला त्यास जमीन मिळावी ह्या न्यायापुढे ते दुःख आवरावे लागले, आणि त्या कुटुंबांची मुले शिकून निराळ्या मार्गांनी उभी राहिली. देवस्थानांची इनामे मात्र ह्या कायद्यांतून वगळली गेली. राजे गेले, इनामदार गेले, कुलकर्णी गेले, देव राहिला.

देव मालक म्हणजे नक्की काय, ह्याचा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा एकदा केला. प्रकरण मध्य प्रदेशातील होते. देवळाच्या जमिनीच्या कागदावर पुजाऱ्याचे नाव असावे की नसावे, असा प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले की, मालकाच्या रकान्यात नाव देवाचेच लिहावयाचे. पुजारी हा देवाच्या वतीने वहिवाट पाहणारा, त्याला कुळाचाही हक्क नाही, मग मालकीचा कोठून असणार? दत्तराज्य करणाऱ्या भरताची आठवण व्हावी असाच हा निवाडा आहे. सिंहासनावर पादुका आणि कारभार नंदिग्रामातून! फरक एवढाच की, भरतास चौदा वर्षांनी हिशेब द्यावयाचा होता. देवस्थानच्या वहिवाटदारास तो प्रत्येक वर्षी द्यावा लागतो, आणि न दिल्यास विचारणारा प्रत्यक्ष धनी पुढे येत नाही.

ही गोष्ट आज विशेष महत्त्वाची झाली आहे. आळंदीच्या एका अंगास चाकणचे कारखाने आणि दुसऱ्या अंगास पिंपरी-चिंचवडची महानगरी. जेथे पूर्वी बाजरी होत असे तेथे इमारती उभ्या राहिल्या. जमिनीस सोन्याचा भाव आला. अशा काळी देवाच्या नावावरील जमीन हे मोठे संरक्षण आहे, आणि मोठा मोहही आहे. संस्थानच्या कारभारात गावकऱ्यांचा आवाज असावा अशी मागणी जुनी आहे. २०२३ च्या कार्तिकी यात्रेच्या सुमारास विश्वस्तांच्या नेमणुकीत स्थानिकांस डावलले म्हणून आळंदीकरांनी गाव बंद ठेविले होते. गावकरी म्हणतात, देव आमचा. वारकरी म्हणतात, देव सर्व महाराष्ट्राचा. न्यायालय म्हणते, देव कोणाचाच नव्हे, तुम्ही सर्व त्याचे. तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि त्यांचा मेळ घालणे हेच विश्वस्ताचे काम आहे.

एका गोष्टीत मात्र तिघांपैकी कोणीही पुढे येत नाही. सनदेच्या भाषेत इनामाच्या गावातील ‘जल’ हे पहिले. त्या जलाची आज स्थिती काय आहे? वरच्या नगरांतील सांडपाणी व कारखान्यांचे दूषित पाणी येऊन इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना आपण वारंवार पाहतो. आणि त्याच पाण्यात वारकरी श्रद्धेने बुडी मारतात. जमिनीच्या एका गुंठ्यासाठी दिल्लीपर्यंत भांडणारे आम्ही, नदीच्या बाबतीत ‘हे काम नगरपालिकेचे, ते महामंडळाचे’ असे म्हणून हात झटकतो. मालकीचा अभिमान आणि मालकीची जबाबदारी ह्यांची अशी फारकत करता येत नाही. गाव देवाचा असेल तर पाणीही देवाचेच आहे.

आमच्या वाचकांची बहुतेक घरे एकत्र कुटुंबांची, निदान एकत्र आठवणींची. वाड्याच्या वाटण्या, देवघर कोणाकडे, कुळधर्म कोणी चालवावा, गावच्या घराची कुलपे कोणाच्या हाती, ह्या प्रश्नांनी सख्खे भाऊ दुरावलेले आपण पाहतो. आपले धर्मशास्त्र कर्त्या पुरुषास मालक म्हणत नाही. तो सर्वांच्या वतीने वहिवाट पाहणारा, आणि मागील पिढीचे पुढील पिढीस पोचविणारा. आज मुलींचाही त्यात जन्मसिद्ध हिस्सा आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने ठरले आहे. कर्त्याने ही गोष्ट ध्यानात ठेविली तर बहुतेक तंटे दारातच मिटतील. आळंदीचा इतिहास हेच शिकवितो. ज्यांनी तेथे हक्क सांगितला त्यांची नावे खटल्यांच्या कागदांत राहिली. ज्यांनी पायरी मागितली, घोडा मोकळ्या पाठीने पाठविला, त्यांची नावे लोक दरवर्षी घेतात. पुढल्या वारीस आपल्या घरची मुले आळंदीस जातील तेव्हा महाद्वारातील ती पायरी त्यांस अवश्य दाखवावी, आणि ती कोणाची आहे तेही सांगावे.